दहा गुंठ्यांतला पाला

१२ ऑगस्ट २०२५. श्रावणातला मंगळवार आणि त्यातच अंगारकी. घरोघरी गणपतीला दुर्वा लागणार, नव्या सुनांच्या मंगळागौरीला पत्री लागणार, आणि दोन्ही एकाच सकाळी. थेऊरच्या शिवारात आमची दहा गुंठे जमीन आहे. तिच्यात कोथिंबीर, पुदिना, शेपू, गवती चहा, हळद, ओव्याचं पान, तुळस, थोडं बेझिल आहे आणि बांधाला कढीपत्त्याची झाडं. कांदा, बटाटा, फ्लॉवर, वांगी यातलं काही नाही. भाजीवाला ज्या गोष्टी पिशवीत शेवटी वरून टाकतो, तेवढ्याच आम्ही पिकवतो आणि तेवढ्याच विकतो. त्या मंगळवारचं सांगते.

पहाटे तीनला डोक्याला बॅटरी बांधून मी पुदिन्यात उतरले. पुदिना आदल्या संध्याकाळी कापून चालत नाही. रात्रभर पाणी पिऊन पहाटे पान ताठ झालेलं असतं. तसं कापलं तर दुपारपर्यंत उभं राहतं. ऊन चढल्यावर कापलं तर टोपलीत ठेवेपर्यंतच मान टाकतं. जमिनीपासून चार बोटं सोडून कापायचं, म्हणजे खालून पुन्हा फुटवा येतो. पावसाळ्यात माझी नजर पानाच्या पाठीवर जास्त असते. तिथे नारिंगी पुळ्यांसारखे ठिपके दिसले की तो तांबेरा. तसली काडी टोपलीत जात नाही आणि वाफ्यातही राहत नाही, उपटून बाहेर टाकायची. एक काडी राहिली तर आठवड्यात सगळा वाफा घेते.

कापलेला पुदिना लगेच बांधायचा नाही. रात्री भुरभुर होती, पानं निथळत होती. ओट्यावर घरातल्या आत्यांचं जुनं नऊवारी पसरलं, त्यावर पाला मोकळा केला, वर पंखा सोडला. ओला पाला गच्च बांधला की आत ऊब धरतो. हात घालून पाहिलं तर गरम लागतं, आणि दहा वाजेपर्यंत मधली पानं काळी पडतात. गिऱ्हाइकाला बाहेरची हिरवी पानं दिसतात, आतली घरी गेल्यावर दिसतात. म्हणून पंख्याखालचा हा अर्धा तास कितीही घाई असली तरी मी सोडत नाही.

तोवर दुर्वांच्या जुड्या मोजून झाल्या. दुर्वा आदल्या दुपारीच खुडल्या होत्या. आत्या आणि मी दोघी बांधावर बसून होतो. हे बसून करायचं काम, पण सगळ्यांत वेळखाऊ. नुसतं गवत उपटून होत नाही. कोवळा शेंडा हवा, त्याला तीन पाती हवीत, आणि जुडीत असे एकवीस शेंडे हवेत. आत्यांची बोटं मोजत नाहीत, बोटांना एकवीस माहीत आहेत. मी अजून मनात मोजते. ज्या बांधाला कधी तणनाशक लागलेलं नाही तिथल्याच दुर्वा घ्यायच्या, हा आत्यांचा नियम. देवाला वाहिलेली दुर्वा लोक नंतर कानामागे ठेवतात, पोरं तोंडात घालतात, म्हणून तो नियम आम्ही पाळतो. जुडी केळीच्या सोपटाने बांधायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची.

आघाडा मात्र वेगळा. श्रावणात शुक्रवारी जिवतीला आघाड्या-दुर्वांची माळ घालतात, मंगळागौरीच्या पत्रीतही तो लागतो. आघाडा कोणी लावत नाही, बांधाला आपोआप येतो. त्याला तुरा आला की बिया लुगड्याला चिकटतात आणि पान राठ होतं. तुरा कोवळा असतानाच घ्यायचा. इतर अकरा महिने ज्याला लोक तण म्हणून खुरप्याने काढतात, ते या महिन्यात शहरात पैसे देऊन घेतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. कुणीतरी ते ओळखून, निवडून, धुऊन वीस-पंचवीस किलोमीटरवर नेऊन दिलेलं असतं. किंमत त्याची आहे.

चारला चहा झाला. आत्यांना उपास, त्यांनी चहावरच भागवलं. अंगारकीला थेऊरच्या चिंतामणीला रांग रात्रीपासून लागते, म्हणून दुर्वांची मोठी टोपली घेऊन आत्या देवळाकडे गेल्या. हे त्यांना सोडून परत आले, आणि आमचा माल टेम्पोत चढला. तुळस त्या दिवशी नेली नाही. गणपतीला तुळस वाहत नाहीत, आणि उगाच खुडलेली तुळस संध्याकाळी काळी पडते.

टेम्पो शेजाऱ्यांचा. त्यात फुलं, पालक, आमच्या टोपल्या आणि आम्ही तिघी-चौघी. माल लावायची एक रीत आहे. कोथिंबीर मुळांसकट उपटलेली असते, तिला उभी ठेवायची, मुळं खाली, भोवती ओलं गोणपाट. आडवी टाकली तर दांडे वाकतात आणि पानं एकमेकांत रुततात. कढीपत्ता कोरडाच ठेवायचा, त्याला पाणी लागलं की पानं गळतात. पुदिन्यावर काहीही ठेवायचं नाही. बेझिलचा डबा थंड मालापासून लांब, कारण त्याला गारठा सोसत नाही, पानं काळी पडतात. सगळ्यांत वर हळदीची पानं, लांबीला सरळ, कारण एक घडी पडली तर त्या रेषेवर पान फाटतं आणि पातोळी करणारी बाई ते घेत नाही. थेऊर फाट्यावरून सोलापूर रस्त्याला लागलो तेव्हा पाच वाजले असतील. हडपसरपर्यंत मी डोळे मिटून घेतले.

सव्वासहाला पुण्यात, पेठेतल्या आमच्या कोपऱ्यावर. पथारी अंथरली, पाणी शिंपडायला तांब्या, वजनकाटा नाहीच. आमचं सगळं जुडीवर आणि पानावर चालतं. पहिले येतात ते गुरुजी. त्यांना घाई असते आणि भाव करायची सवय नसते. मंगळागौरीला सोळा प्रकारची पत्री लागते. सगळी आमच्याकडे नाही, पण शेजारच्या फुलवाल्या बाईंकडे बेल असतो. माझ्याकडची आणि त्यांच्याकडची मिळून आम्ही एक जुडगं करून देतो. पैसे नंतर वाटून घेतो. एका घरी मुलीची पहिली मंगळागौर होती. तिच्या आईने चार जुडगी घेतली, आणि दुर्वा पुन्हा वेगळ्या.

सात ते नऊ मान वर करायला फुरसत नव्हती. दुर्वांची जुडी दहा रुपयांना, गवती चहाची दहाला, पुदिना वीसला, कोथिंबीर तीसला. कोथिंबिरीचा भाव ऐकून दोन-तीन जणी पुढे गेल्या. त्यांचं मला कळतं. हिवाळ्यात कोथिंबीर सगळीकडे एकदम येते, तेव्हा जुडीला दोन-तीन रुपयेसुद्धा मिळत नाहीत. शेतकरी रस्त्याच्या कडेला ओतून देतात, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. गुलटेकडीच्या घाऊक बाजारात पालेभाजीचा लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे भाव शंभर जुड्यांचा बोलतात. शेकडा दीड-दोनशेवर आला की भाजीवाल्याला ती पिशवीत फुकट टाकायला काहीच वाटत नाही. गिऱ्हाइकाला सवय लागते ती त्या दिवसांत. मग पावसाळा येतो, निम्मे वाफे कुजतात, उरलेल्या अर्ध्यातली पानं चिखलाने माखतात, आणि तीच जुडी तीस-चाळीसला जाते. पण लोकांच्या मनातली किंमत हिवाळ्यात ठरलेली असते.

नऊच्या सुमारास एक काकू आल्या. नेहमीच्या आहेत, माणूस म्हणून फार चांगल्या. पुदिन्याची जुडी घेतली, गवती चहा घेतला, क्यूआरवर पैसे टाकले आणि म्हणाल्या, “थोडा कढीपत्ता टाका की वरून.”

“काकू, कढीपत्ता दहाला आहे.”

“अहो, कढीपत्त्याचे कोण पैसे घेतं? भाजीवाला मूठभर देतो.”

“तो भाजीचे घेतो ना. माझ्याकडे भाजीच नाही.”

त्या हसल्या, क्षणभर थांबल्या, मग दहा रुपये दिले. मी त्यांना मूठभर जास्तच दिला. पण हे मी मनापासून सांगते, ही दहा रुपयांची गोष्ट नाही. वरून टाकलेल्या कढीपत्त्याचे पैसे कुणीतरी देतच असतं. भाजीवाला तो फुकट वाटणार असतो, म्हणून घेताना सगळ्यांत पडलेल्या भावाने घेतो. त्याचा फटका झाड लावणाऱ्याला बसतो. बांधावरचं कढीपत्त्याचं झाड हिवाळ्यात जवळजवळ थांबतं, नवी पालवी येत नाही. उन्हाळ्यात छाटावं लागतं, नाहीतर ते उंच जातं आणि पानं शिडी लावून काढावी लागतात. कोवळ्या शेंड्यांवर फुलपाखरांच्या अळ्या येतात, त्या आम्ही हाताने वेचतो, कारण कढीपत्ता लोक धुवून लगेच फोडणीत टाकतात आणि त्यावर औषध मारायला माझा हात होत नाही. एवढं करून आलेल्या पानाला किंमत नाही असं म्हणणं मला पटत नाही. म्हणून मी कोणाला फुकट देत नाही, आणि ज्याला खरंच दहा रुपये जड आहेत त्याच्याकडून मागत नाही.

आमच्याकडे एक आजी येतात, नव्वदीच्या आसपासच्या. त्या कधी भाव विचारत नाहीत. जुडीतलं एक पान काढतात, अंगठा आणि दोन बोटांत चुरडतात, नाकाशी नेतात आणि डोळे मिटतात. मग घेतात किंवा ठेवतात. मोठ्या पानाची, जाड दांड्याची, चकचकीत कोथिंबीर त्या ठेवून देतात. बारीक पानाची, दांड्याला बुडाशी जांभळट झाक असलेली गावरान असेल तर घेतात. गावरान दिसायला काटकुळी, वजनाला कमी, लवकर फुलावर येते, म्हणून शेतकऱ्याला परवडत नाही. पण वास तिच्यातच आहे. आम्ही दोन वाफे गावरान ठेवलेत ते अशा चार-सहा घरांसाठी. त्या दिवशी आजींनी दोन जुड्या घेतल्या आणि विचारलं, “उपासाला चालते ना गं तुमच्याकडे?” आमच्याकडे चालते, शेजारी चालत नाही. या प्रश्नावर पेठेतसुद्धा दोन घरं एकमत होणार नाहीत.

दहा वाजता पथारी रिकामी होत आली. उरलेला पुदिना फुलवाल्या बाईंना दिला, त्यांनी मोगऱ्याचा गजरा दिला, आणि मुलीसाठी आणखी एक दिला. साडेदहाला हे मोटरसायकल घेऊन आले आणि आम्ही कोरेगाव पार्काकडे निघालो. तिथे एका हॉटेलात आठवड्यातून तीनदा बेझिल जातं. आमच्याकडचा सब्जा आणि हे बेझिल एकाच जातीचे, पण हे पान रुंद, मऊ आणि गोडसर. तिथल्या आचाऱ्याने पहिल्याच दिवशी फ्रीजमध्ये घातलं होतं. मी सांगितलं, दांडे पाण्याच्या ग्लासात उभे करून बाहेरच ठेवा, गुलदस्त्यासारखे. आता ते तसंच ठेवतात. पैसे महिन्याने मिळतात, पण मिळतात.

असं थेट विकणं पूर्वी इतकं सोपं नव्हतं. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्याआधीही लोक टोपली घेऊन शहरात येतच होते, पण शेतकऱ्याने समितीबाहेर थेट विकायला त्यानंतर वाट सरळ झाली. दहा गुंठ्यांवर घर चालतं ते या थेट विक्रीमुळेच. शेकड्याच्या लिलावात आमचा पाला घातला तर बियाण्याचा खर्च निघून मजुरी निघणार नाही.

साडेबाराला घरी. भगर आणि दाण्याची आमटी. आत्या देवळाकडून आल्या होत्या, टोपली रिकामी, आवाज बसलेला. त्यांच्या शेजारी बसलेल्या बायकांनी दुर्वांचे पाच रुपये केले, तरी आत्यांनी दहाच ठेवले आणि दुपारच्या आधी संपवल्या. “एकवीस मोजून आहेत म्हणून सांगितलं, लोकांनी मोजून पाहिल्या,” म्हणाल्या. मग आम्ही दोघी झोपलो.

साडेतीनला पेरणी. हे काम दिसत नाही, पण सगळा धंदा याच्यावर उभा आहे. कोथिंबीर पस्तीस-चाळीस दिवसांत काढायला येते आणि काढली की वाफा संपला. रोज ताजी जुडी हवी तर दर आठवड्याला एक वाफा पेरायला हवा, सण असो की सुतक. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया जोडलेल्या. आख्खा पेरला तर उगवण विरळ आणि उशिरा. म्हणून फरशीवर पसरून चपलेच्या तळव्याने हलकं रगडायचं, दोन फाकी व्हाव्यात पण भुगा होऊ नये एवढंच. मग रात्रभर भिजवायचं, सकाळी निथळायचं. मी आदल्या दिवशी भिजवलेले पेरले आणि पुढच्या आठवड्यासाठी नवे रगडून ठेवले. पावसाळ्यात वाफा जमिनीच्या वर उचललेला हवा. पाणी थांबलं की आठव्या-दहाव्या दिवशी रोपं मानेपाशी सडून आडवी होतात. उन्हाळ्यात उलटं, वर हिरवी जाळी हवी, नाहीतर उन्हाने पीक फुलावर येतं आणि पान वाढायचं थांबतं.

पेरता पेरता आत्या तुळशीचे शेंडे खुडून एका बाजूला ठेवत होत्या, बी धरू नये म्हणून. आमच्या तुळशीचा खरा दिवस जून-जुलैमध्ये असतो. तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की लोणी काळभोरला मुक्कामाला येते. ते आमच्या वाटेवरच. त्या दिवशी रस्ता बंद, टेम्पो जात नाही, पुण्याला माल जात नाही. आम्ही तुळशी आणि गवती चहा घेऊन लोणीला जातो. चहा मोठ्या पातेल्यात उकळतो, तुळशी माळेसाठी देतो. त्या दिवशी पैसे घेत नाही.

पाचला गवती चहा कापायला गेले. त्याच्या पात्याला धार असते, लक्ष नसलं की बोट चिरतं, म्हणून अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. ठोंब बुडापासून वीतभर ठेवून कापला की पावसात भराभर वाढतो. दोन-तीन वर्षांनी ठोंब मध्ये पोकळ पडतो, मग तो खणून फोडायचा आणि बाहेरच्या फुटव्यांची नवी लागण करायची. कोथिंबीर उपटून मुळं विहिरीच्या पाण्यात हलवून घेतली. हे पाणी विहिरीचंच हवं, याबाबतीत आमच्या घरात तडजोड नाही. मुळा-मुठा पुण्यातून खाली येते आणि थेऊरच्या पुलावर उभं राहिलं की ती काय घेऊन येते ते समजतं, जलपर्णीने पात्र झाकलेलं असतं. ज्वारी-उसाचं ज्याचं त्याने बघावं, पण कोथिंबीर आणि पुदिना लोक कच्चा खातात. चटणीला उकळी नसते. म्हणून विहीर आटली तर आम्ही वाफे कमी करतो, नदीला पाइप लावत नाही. उन्हाळ्यात त्यामुळे आमची कोथिंबीर निम्म्यावर येते, आणि मी तेव्हा गिऱ्हाइकांना कारण सांगते. ऐकून घेतात लोक.

हळदीची पानं त्या दिवशी फक्त बघून घेतली. पंधरा दिवसांवर गणपती. मोदक आणि पातोळ्यांसाठी तेव्हापासूनच विचारणा सुरू होती. प्रत्येक झाडाची बाहेरची एक-दोनच पानं घ्यायची ठरवली होती. सगळी ओरबाडली तर खाली कंद भरत नाही, आणि पौषात हळद हाताला लागत नाही. त्यामुळे शंभर झाडांतून किती पानं निघतील तेवढ्याच मागण्या मी लिहून घेते, पुढच्यांना नाही म्हणते.

साडेसातपासून पुन्हा जुड्या. टीव्ही चालू, मुलांचा अभ्यास चालू, मध्ये सोपटाचा ढीग. नऊ वाजून गेल्यावर चंद्र उगवला असणार, पण आभाळ भरलेलं होतं. पंचांगातली वेळ बघून आत्यांनी नैवेद्य दाखवला आणि उपास सोडला. अळूची भाजी, उकडीचे मोदक पाच. जेवताना आत्यांनीच विषय काढला. दुर्वा खुडायला दोन बायांची आख्खी दुपार जाते, जुडीला दहा रुपये, आणि गणपतीत मागणी दसपट. “पंधराला कर,” म्हणाल्या. हे म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल. मी हिशोबाची वही आणली आणि दोघांना दाखवलं की दुर्वांना लागलेला वेळ पैशांत मांडला तर पुदिन्याच्या निम्माही पडत नाही.

ठरलं ते असं. गणपतीपर्यंत एकवीस दुर्वांची जुडी पंधरा रुपये. देवळापाशी आत्या दहालाच देतील, कारण तिथे येणारा माणूस लांबून चालत आलेला असतो. कढीपत्ता दहालाच, पण जुडी थोडी मोठी. पेठेतल्या नेहमीच्या पंधरा-वीस घरांना मी फोनवर तसं कळवून टाकलं. सकाळच्या काकूंचं उत्तर लगेच आलं, त्यांनी हळदीची बारा पानं सांगितली. आठ लिहून घेतली. रात्री अकराला शेतीपंपाची लाईट येणार होती, हे बॅटरी घेऊन मोटार बघायला गेले, मी तीनचा गजर लावला.